जाड पण मायाळू

मी पेंटर आहे. आंबेगाव तालुक्यातल्या अवसरी बुद्रुकला राहतो. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, देवळांच्या कमानी हे माझं काम. फ्लेक्स आला आणि ब्रशचं काम आटलं, तेव्हा मंचरला एका छपाईच्या दुकानात बसून संगणकावर डिझाइन करायला शिकलो. आता दोन्ही करतो. सकाळी शिडीवर, दुपारनंतर स्क्रीनसमोर. साधनं बदलली तरी माल तोच, अक्षर. त्यातल्या एका अक्षरवळणानं गेल्या काही वर्षांत माझ्या कामाची रीतच बदलली. त्याचं नाव 'बलू'. जाड, गोलसर आणि बघताक्षणी ओळखीचं वाटणारं.

आधी थोडं माझ्या शिक्षणाबद्दल सांगतो, म्हणजे मला त्यात काय दिसलं ते कळेल. शाळेत असताना इंटरमिजिएटची चित्रकलेची ग्रेड परीक्षा दिली होती. भूमितीच्या पेपरात अक्षरलेखन असायचं. पट्टी घ्यायची, चौकटी आखायच्या आणि त्यात ठोकळा अक्षर बसवायचं. मार्क मिळाले, पण ती अक्षरं कडक उभी राहायची, सगळी एका साच्यातली. खरं शिक्षण पुढे झालं, मंचरच्या उस्तादांकडे. ते चपटा ब्रश धरायचे आणि दोन टोकांना दोरी ताणून, निळीत बुडवून भिंतीवर एक फटका मारायचे. शिरोरेषेची रेघ तयार. मग त्या रेघेला अक्षरं टांगत जायची. त्यांचं एक वाक्य माझ्या कानात पक्कं बसलंय, "रंग कुठं भरायचा ते नंतर बघ. आधी कुठं भरायचा नाही ते बघ. 'भ'च्या पोटात रंग गेला की 'भ' मेला."

ही गोष्ट जाड अक्षराला सगळ्यात जास्त लागू आहे. दुकानदाराला पाटी लांबून दिसायला हवी असते, म्हणून तो म्हणतो, "जाड काढ." इंग्रजी अक्षर जाड करणं त्या मानानं सोपं. 'ओ'मध्ये एकच भोक, ते सांभाळलं की झालं. आपल्या लिपीत वर शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार; खाली उकार, ऋकार; आणि मधे जोडाक्षर. 'महाराष्ट्र' लिहून बघा. त्या 'ष्ट्र'मध्ये अर्धा ष, त्याच्या पोटातली तिरकी रेघ, ट आणि खाली र, एवढं सगळं एका अक्षराच्या जागेत बसवायचं. रेघ जाड केली की ती दोन्ही बाजूंनी आत सरकते आणि रिकामी जागा खाऊन टाकते. 'श्र', 'क्ष', 'द्ध' यांचं तेच. हातानं काढणारा पेंटर तिथे आपोआप रेघ बारीक करतो, ट जरा खाली ओढतो. तो हाताचा न्याय आहे.

संगणकावर तो न्याय नव्हता. सुरुवातीच्या काळात आमच्याकडे जाड अक्षर बनवायची एकच युक्ती होती. साधा फाँट घ्यायचा, त्याला त्याच रंगाची बाह्यरेषा द्यायची, म्हणजे अक्षर फुगतं. मग त्यावर पांढरी कड, त्याबाहेर लाल कड, मागे सावली. मजकूर बसला नाही की आडवा ताणायचा. यात्रेचा फ्लेक्स दहा बाय वीसचा आणि वर 'भव्य' असं लिहिलेलं. पण त्या 'भव्य'ची पोटं बुजलेली असायची. शिवाय ते जुने फाँट युनिकोडचे नव्हते. एका दुकानात टाइप केलेलं दुसऱ्या दुकानात उघडलं की अक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसायचा. पुढे युनिकोड आलं तरी आमच्या जुन्या डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसायची, रफार भलत्यावर चढायचा. गिऱ्हाईक मात्र वैतागायचं आमच्यावर.

माझ्या पुतणीनं 'बलू' दाखवला. ती तेव्हा अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत होती आणि स्नेहसंमेलनाचं पोस्टर घेऊन आली होती. "काका, हे बघा, आणि हे फुकट आहे," म्हणाली. मी आधी अक्षराचं पोट बघितलं, सवयीनं. उघडं होतं. एवढं जाड अक्षर आणि आतली जागा उघडी! पोस्टरवर 'संमेलन' होतं, स वर अनुस्वार, म ला मात्रा, ल, न, आणि कुठेही गर्दी नव्हती. त्या दिवशी मी तो फाँट घरच्या संगणकावर घेतला आणि रात्री बाराखडी, मग जोडाक्षरं, मग आमच्या भागातली गावं, असं एकेक टाइप करून मोठं करून बघत बसलो. म्हाळुंगे पडवळ, घोडेगाव, पारगाव, निरगुडसर, नारायणगाव.

'बलू' बनवला आहे मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटानं. देवनागरी अक्षरं सारंग कुलकर्णी यांनी घडवली. एकाच वळणात अनेक लिपी असाव्यात असा गटाचा बेत होता, म्हणून प्रत्येक लिपीच्या फाँटाला त्या त्या भाषेतलं भावाचं किंवा आपुलकीचं नाव मिळालं. गुजरातीत 'बलू भाई', बंगालीत 'बलू दा', गुरुमुखीत 'पाजी', मल्याळममध्ये 'चेट्टन', तमिळमध्ये 'तंबी', कन्नडमध्ये 'तम्मा', तेलुगूत 'तम्मुडू', ओडियात 'भाईना', उर्दूत 'भाईजान'. मूळ नाव रुडयार्ड किपलिंगच्या 'जंगल बुक'मधल्या अस्वलाचं, मोगलीला शिकवणाऱ्या. किपलिंगचा जन्म 1865 साली मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात झाला; त्याचे वडील तिथे शिकवत. त्याच मुंबईत त्या अस्वलाच्या नावाचं देवनागरी अक्षर तयार व्हावं हे मला फार गोड वाटतं. पहिला 'बलू' एकाच जाडीचा होता. नंतर आलेल्या 'बलू 2'मध्ये पाच जाड्या आहेत, साध्यापासून अगदी भरगच्च जाडीपर्यंत.

फाँट मोफत आहे म्हणजे चोरून घेतलेला नाही, हे आमच्या धंद्यातल्या लोकांना सांगावं लागतं. तो 'ओपन फाँट लायसन्स'खाली दिलाय. दुकानात पैसे घेऊन केलेल्या कामात वापरता येतो, भिंतीवर, कापडावर, पाकिटावर छापता येतो. फक्त नुसता फाँट कोणी विकायचा नाही. गावातल्या पेंटरला आणि मुंबईतल्या मोठ्या जाहिरात कंपनीला एकच अक्षर, एकाच हक्कानं मिळतं, ही गोष्ट मी लहान मानत नाही.

आता त्याच्या रचनेबद्दल, पेंटरच्या नजरेनं. इंग्रजी अक्षरांच्या डोक्याला नि पायाला ज्या बारीक आडव्या कडा असतात त्यांना सेरिफ म्हणतात. त्या नसलेलं ते सॅन्स-सेरिफ. आपल्या अक्षराला तशा कडा मुळात नाहीत. आपल्याकडे फरक पडतो तो बोरूच्या कापानं. बोरू तिरका कापलेला, म्हणून रेघ एका दिशेला जाड आणि दुसऱ्या दिशेला बारीक. निर्णयसागरच्या जुन्या खिळ्यांच्या छपाईत तो जाड-बारीकपणा स्पष्ट दिसतो आणि पोथी, पंचांग, कादंबरी यांना तो शोभतो. 'बलू'त बोरू बाजूला ठेवलाय. रेघ जवळपास सगळीकडे सारखी जाड, कोपरे गोलावलेले, आणि काना नि पोट जिथे जुळतात तिथे टोक बाहेर डोकावत नाही. रेघ वळते आणि मिसळून जाते. तरीही ती आंधळेपणानं सारखी नाही. जिथे दोन-तीन रेघा एकत्र येतात तिथे ती हळूच अंग चोरते, म्हणून गाठ काळी पडत नाही. उस्ताद ब्रश उचलून जे करायचे तेच इथे कोणीतरी प्रत्येक अक्षरासाठी, प्रत्येक जोडाक्षरासाठी बसून केलंय. ते दिसल्यावर माझा संगणकाच्या अक्षराबद्दलचा राग गेला.

एवढं जाड अक्षर दरडावल्यासारखं का वाटत नाही, यावर मी खूप विचार केला. जाड अक्षर आमच्याकडे बहुतेक वेळा ओरडायला वापरतात : 'चलो', 'धिक्कार', 'महासेल'. 'बलू' मात्र दूध पिऊन तृप्त झालेल्या बाळासारखा दिसतो. त्याचं कारण गोलाई तर आहेच, पण उघडी पोटं हे जास्त मोठं कारण आहे. आत जागा असलेलं अक्षर वाचणाऱ्याला घाई करत नाही.

'एक टाइप'चाच 'मोदक' नावाचा फाँटही आहे. तो याच्याही पुढचा, इतका फुगीर की अक्षरातली जागा नुसत्या फटीइतकी उरते. बघायला फार सुंदर. गणेशोत्सवाच्या पाटीवर एक-दोन शब्दांसाठी मी तो आवडीनं वापरतो. पण चार ओळी त्यात लिहिल्या तर कोणी वाचणार नाही. तो नैवेद्यासारखा मोजकाच चांगला.

सगळ्यात मोठं काम झालं जिल्हा परिषदेच्या एका शाळेचं. बोलक्या भिंती करायच्या होत्या : मुळाक्षरं, जोडाक्षरं, वार, महिने, पाढे आणि काही शब्द. पूर्वी अशा भिंतींवर मी माझ्या हातानं ठोकळा अक्षर काढत असे. या वेळी 'बलू 2'मधली अक्षरं मोठी छापून घेतली, कागदाच्या कडांवर सुईनं टोचे मारले, कागद भिंतीला लावून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटली. भिंतीवर ठिपके उमटले, ते जोडत ब्रश फिरवला. शीर्षकं सगळ्यात जाड, खालचे शब्द मध्यम. पिवळ्या भिंतीवर गडद निळा ऑइलपेंट.

शाळेतल्या बाईंनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावली, "दादा, ल आणि श पुस्तकातल्यासारखेच हवेत. मुलं पहिलीची आहेत, गोंधळतात." त्यांचं बरोबर होतं. मराठीचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हिंदीच्या वळणापेक्षा वेगळे. राज्य सरकारनं 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात मराठीच्या लिपीची प्रमाण वळणं ठरवून दिली. संगणकावर अडचण अशी की अनेक युनिकोड फाँटांत दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' निवडली तरच मराठी वळण येतं. छपाईच्या घाईत भाषा कोण निवडतो? त्यामुळे आपल्या तालुक्यातल्या फ्लेक्सवर हिंदी ल सर्रास दिसतो. शाळेच्या भिंतीवर मी तो येऊ दिला नाही. प्रत्येक ल नि श बाईंना दाखवून, पुस्तक शेजारी धरून मगच रंगवला.

काम चालू असताना मुलं मधल्या सुट्टीत येऊन बघायची. रंग वाळलेल्या अक्षरांवरून बोट फिरवायची. एक मुलगी 'ळ'च्या दोन्ही पोटांवरून पुन्हा पुन्हा बोट नेत होती, एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर. जाड रेघेत बोट मावतं, हा फायदा मला तिनं दाखवला. बारीक अक्षर नुसतं डोळ्यानं वाचायचं असतं. हे अक्षर बोटानं वाचता येतं. बाईंनी पुढे त्याच भिंतीवर मुलांकडून अक्षरं गिरवून घ्यायला सुरुवात केली.

माझी आई प्रौढ साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकली. ती एसटीची पाटी अजून एकेक अक्षर जोडून वाचते. 'मं-च-र.' गाडी सुटायच्या आत शब्द पुरा झाला पाहिजे, ही तिची रोजची परीक्षा. गावातल्या दूध संकलन केंद्राची वेळापत्रकाची पाटी मी 'बलू'च्या वळणात केली, तेव्हा तिनं उंबऱ्याबाहेरूनच वाचली. "ह्यात दम लागत नाही," म्हणाली. अक्षराबद्दल मी ऐकलेला सगळ्यात मोलाचा शेरा तो.

तिच्यासारख्या वाचणाऱ्यांचा विचार एका पाटीच्या वेळी फार झाला. आमचा भाग उसाचा आणि बिबट्याचा. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे तालुके येतात, माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, आणि ऊसतोडीच्या दिवसांत फडातल्या कोप्यांवर लहान मुलं असतात. गावातल्या तरुणांनी ठरवलं की वस्त्यांच्या रस्त्यांवर सूचनेच्या पाट्या लावायच्या. एकजण म्हणाला, "धोक्याच्या पाटीला हे गोंडस अक्षर नको, लोकं हसतील." दुसरा म्हणाला, लाल रंगात टोकदार अक्षर हवं. मी म्हणालो, भीती चित्रातून आणि रंगातून दाखवू. बीडहून, नगरहून आलेल्या तोडणी कामगाराला, संध्याकाळच्या उजेडात, बैलगाडीवर बसल्याबसल्या वाचता आलं पाहिजे. 'बिबट्या'मधला 'ट्या' बुजला तर पाटी लावून उपयोग काय? शेवटी काळ्या अक्षरांना पिवळी पार्श्वभूमी दिली, वर बिबट्याचं तोंड काढलं आणि तीनच ओळी ठेवल्या : एकटे फिरू नका, मुलांना जवळ ठेवा, बॅटरी वापरा. मला अजूनही तो निर्णय बरोबर वाटतो. सूचना देणारं अक्षर रागावलेलं असण्यापेक्षा स्पष्ट असणं महत्त्वाचं.

पण हे अक्षर सगळीकडे चालतं असं मी मुळीच म्हणणार नाही. दशक्रिया विधीच्या आणि श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला मी ते वापरत नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा ज्या वळणात छापल्या त्याच वळणात 'भावपूर्ण श्रद्धांजली' छापणं मला सहन होत नाही. तिथे मी 'मुक्ता' घेतो, 'एक टाइप'चाच, गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांनी केलेला, शांत आणि सरळ. बैलगाडा शर्यतीच्या बॅनरलाही 'बलू' नको. सर्वोच्च न्यायालयानं 16 डिसेंबर 2021 ला शर्यतींना परवानगी दिली आणि आमच्या घाटांवर पुन्हा गर्दी उसळली, तेव्हा बॅनरचं काम एकदम वाढलं. 'घाटाचा राजा' हे शब्द धावले पाहिजेत, त्यांना तिरकेपणा आणि धार हवी. ते मी आजही हातानं काढून स्कॅन करतो. खाली टोकनची वेळ, बक्षिसं आणि नियम असतात, तिथे 'बलू' मध्यम जाडीत घेतो, कारण गाडामालक ते गर्दीत उभं राहून वाचतात. नारायणगावला तमाशाच्या राहुट्यांवर फडांचे बोर्ड लागतात. त्या सावली दिलेल्या, नखरेल हस्ताक्षरी अक्षरांच्या जागी कुठलाही फाँट येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अक्षर हातानं घडवणाऱ्यांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. 2020 साली गेलेले कमल शेडगे यांनी मराठी नाटकांना दिलेली शीर्षकं आठवा. नाटकाचा स्वभाव त्या अक्षरात उतरलेला असे. र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी 'मंगल' फाँट घडवला आणि देवनागरी घरोघरच्या स्क्रीनवर पोहोचली. 'बलू' करणारे त्याच वाटेवरचे पुढचे लोक. ही नावं आमच्या धंद्यातल्या मुलांना माहीत नसतात. फाँट म्हणजे संगणकासोबत येणारी वस्तू, असं त्यांना वाटतं. प्रत्येक फाँटामागे कोणीतरी महिनोन्‌महिने 'ष्ट्र' कसा बसवायचा यावर डोकं खपवलेलं असतं, हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना आवर्जून सांगतो.

त्यांना मी नाणेघाटातही नेतो. जुन्नरहून जवळ. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. भिंतीजवळ उभं राहून बघा. शिरोरेषा नाही, बोरूचा जाड-बारीकपणा नाही. छिन्नीनं खोदलेली सारख्या जाडीची रेघ, साधे गोल, साधे कोन. देवनागरी ब्राह्मीच्याच वंशातली. म्हणजे सारख्या जाडीचं अक्षर ही काही परदेशातून आलेली नवी टूम नाही. आपल्या डोंगरात ते आधीपासून आहे. पोरं त्या अक्षरांकडे बघून लगेच म्हणतात, "हे तर ब्रशनं काढता येईल." मला नेमकं तेच त्यांना दाखवायचं असतं.

आता गावातल्या बऱ्याच पाट्यांवर 'बलू' आहे : किराणा, पिठाची गिरणी, अंगणवाडी, रोपवाटिका. काही ठिकाणी तो ताणून, कडा लावून पुन्हा बुजवलेला दिसतो, तेव्हा जीव तुटतो. कृपा करून तसं करू नका. अक्षर आधीच जाड आहे, त्याला आणखी कड नको. ओळीत जागा कमी पडत असेल तर शब्द कमी करा. दोन ओळींत अंतर सोडा, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर आपटणार नाही. टाइप करताना भाषा मराठी निवडा. आणि पुढच्या वेळी पाटी किंवा फ्लेक्स छापायला देण्याआधी डिझाइन मोबाइलवर बघून 'ओके' पाठवू नका. त्याचा एक कागद छापून घ्या, भिंतीला लावा, दहा पावलं मागे जा आणि घरात जे कोणी अडखळत वाचतं त्याला वाचायला सांगा. त्याला वाचता आलं तरच पुढचे पैसे द्या.